घराला कंपाउंड करताय? जाळी बघायच्या आधी खड्डा बघा

आमच्या कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या प्लॉटचं कंपाउंड केलं, त्याला दुसरा पावसाळा लागला आणि कोपऱ्यातला अँगल म्हणजे लोखंडी खांब मी सहज हातानं हलवून बघितला तर बुडातनं हलला. जाळी चकचकीत, काटेरी तार ताठ, रंग पण चांगला. पण उकरून बघितलं तर खड्डा जेमतेम 9 इंच आणि काँक्रीट म्हणजे वरच्या वर ओतलेला गोळा, खाली नुसती माती. बोलताना दोन फूट ठरलं होतं. खड्डे मारले त्या दिवशी मी ड्युटीवर, घरात आई एकटी, तिला काय कळणार किती खोल गेलेत. शेवटी 25 पैकी 14 खांब उपसून परत बसवावे लागले, ते पण दुसऱ्या माणसाकडनं आणि परत पैसे घालून. तेव्हापासनं कुणी कंपाउंडचं विचारलं की मी पहिल्यांदा खड्ड्याचंच सांगतो, जाळीचं नंतर. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय, घर बांधणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत.

आधी हद्द

साहित्य बघायला उद्यमनगरात जायच्या आधी एक काम करा, मोजणी. जुनी काटेरी तार होती त्याच लाईनीत नवीन बसवू असं बहुतेक जण म्हणतात, पण ती जुनी तार बरोबर हद्दीवर होती हे कुणी सांगितलं? भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, तो आता ऑनलाइन पण भरता येतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, मोजणीदार येऊन खुणा दाखवतात आणि नंतर मोजणीची क प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा, मिळते. गावठाणात किंवा शहरात असाल तर मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढा, बाहेर असाल तर सातबारा. वेळ लागतो हे खरंय, पण भिंत बांधून झाल्यावर शेजारी म्हणाला की सहा इंच माझ्यात आलाय, तर भिंत पण जाते आणि शेजार पण जातो.

मोजणी झाली की शेजाऱ्याला घरी जाऊन सांगा, दादा अमुक दिवशी काम चालू करतोय, खुणा तुम्ही पण बघून घ्या. सामाईक भिंत करायची असेल तर खर्च कसा वाटायचा, दुरुस्ती कुणी करायची हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. सामाईक नको असेल तर पाया सगळा आपल्या हद्दीच्या आतच घ्या. पाया भिंतीपेक्षा रुंद असतो हे लय जण विसरतात, वर भिंत बरोबर लाईनीत दिसते आणि खाली पाया शेजाऱ्याच्या जमिनीत घुसलेला असतो.

उंचीचा पण नियम आहे. 2020 च्या डिसेंबरला जी यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली, आली, तिच्यात समोरच्या रस्त्याच्या मध्यापासनं मोजून दीड मीटरपर्यंत कंपाउंडची भिंत चालते. 2.4 मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा 0.9 मीटरचा भाग ग्रील किंवा जाळीचा म्हणजे आरपार दिसणारा पाहिजे. कॉर्नरचा प्लॉट असेल तर वळणावर गाडीवाल्याला पलीकडचं दिसावं म्हणून कोपऱ्यापासनं दोन्ही बाजूला 10 मीटरपर्यंत पक्की भिंत 0.75 मीटरच ठेवायची. तुमच्या आर्किटेक्टकडनं हे एकदा कन्फर्म करून घ्या, परवानगीच्या नकाशात कंपाउंड दाखवलेलं असलेलं बरं. नदीकडचा प्लॉट असेल तर तो निळ्या पूररेषेत येतो का लाल (निळी नेहमीच्या पुराची, लाल मोठ्या पुराची), हे पण तेव्हाच विचारा.

जमीन कसली आणि पाणी कुठनं येतं

खरा विषय हा आहे आणि यावरच सगळे कमी बोलतात. कोल्हापुरात दोन किलोमीटरवर जमीन बदलते. नदीकाठाला चिखली, आंबेवाडी, शिये, शिरोली या बाजूला काळी जमीन, आणि कळंबा, पाचगाव, कंदलगाव या चढाला बऱ्याच ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते, तिच्यात बसवलेला उथळ खांब दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा कलतो. चार वर्षांनी बघितलं तर अख्खी लाईन वाकडीतिकडी. तुमची जमीन काळी असेल तर एप्रिल-मे मध्ये भेगा पडतात त्यात एक सळी घालून बघा किती खोल जाते, म्हणजे माती कुठपर्यंत हलते याचा अंदाज येतो आणि खड्डा त्याच्या खाली न्यायचा. तेवढं शक्य नसेल तर निदान अडीच-तीन फूट जा, बूड वरच्यापेक्षा थोडं रुंद करा, तळाला मुरूम कुटून घ्या. मुरमाच्या जमिनीत दोन फूट पुरतं, पण तिथं दुसरी अडचण असते, पहार लागत नाही म्हणून कामगार दीड फुटावर थांबतात आणि सांगतात, "मालक, मुरूम लागलाय, बास झालं हिथं." बास झालेलं नसतं. ब्रेकर आणायला लावा, त्याचं भाडं आधीच कोटेशनमध्ये धरा.

पाण्याचं सांगतो. माझ्या मावशीचं घर चिखलीला आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी 43 ची आहे, म्हणजे काय झालं असेल बघा. मावशीचं विटांचं पाच फुटी कंपाउंड, चांगलं गिलावा केलेलं, पाणी उतरल्यावर एक अख्खी बाजू आडवी पडलेली होती. शेजारच्यांची चेनलिंक म्हणजे विणलेल्या तारेची जाळी केंदाळ (जलपर्णी) आणि उसाच्या पाचटानं भरून गेली होती, दोन ठिकाणी वाकली होती, पण उभी होती. कारण सरळ आहे, भिंतीच्या एका बाजूला पाणी तीन फुटानं जास्त असेल तर 10 फूट लांबीच्या भिंतीवर जवळपास सव्वा टन जोर येतो आणि साध्या साडेचार इंची भिंतीला तो सोसत नाही. पूर यायलाच पाहिजे असं पण नाही, चढावरच्या प्लॉटमध्ये वरनं येणारं पावसाचं पाणी भिंतीला अडलं तरी तेच होतं. म्हणून भिंत करत असाल तर दर पाच-सहा फुटांवर खाली पाणी जायला पाईपची भोकं ठेवाच, त्याला आतनं बारीक जाळी लावा म्हणजे त्यातनं साप-उंदीर आत येणार नाहीत. पुराच्या पट्ट्यात तर माझं स्पष्ट मत आहे, पक्की उंच भिंत करूच नका, खाली एक-दीड फूट डबर किंवा काँक्रीटचा पट्टा आणि वर जाळी. पूर उतरला की जाळीतलं केंदाळ लगेच काढा, ते वाळलं की तार धरून बसतं आणि आतनं गंज चालू होतो.

काय घ्यायचं

कंपाउंड कशासाठी पाहिजे ते आधी घरात बसून ठरवा. नुसती हद्द दाखवायची, का भटकी कुत्री-डुकरं, का साप, का चोरी, का रस्त्यावरनं घरातलं दिसू नये म्हणून. उसाच्या फडाशेजारी घर असेल तर तोडणी चालू झाली की साप, उंदीर, डुकरं सगळं घराकडं सरकतं, तिथं खालचे दोन फूट भरीव पाहिजेतच. डुक्कर जाळीवरनं उडी मारत नाही, खालनं मुसंडी मारून जाळी उचलतं, त्यामुळं जाळीची खालची कड काँक्रीटच्या पट्टीत सहा इंच तरी पुरलेली असावी.

चेनलिंक जाळी आपल्याकडं सगळ्यात जास्त चालते आणि फसवणूक पण तिच्यातच जास्त. गेज आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे डोक्यात पक्कं ठेवा. 8 गेज म्हणजे साधारण 4 मिलिमीटर, 10 गेज सव्वातीन, 12 गेज 2.6 आणि 14 गेज 2 मिलिमीटर. आता हिशोब बघा, त्याच मापाच्या भोकाची जाळी 10 ऐवजी 12 गेजची बसवली तर लोखंड एक तृतीयांश कमी लागतं, आणि लांबनं बघितलं तर डोळ्याला फरक कळत नाही. तसंच भोक दोन इंची का तीन इंची, यावर पण तार दीडपट कमी-जास्त होते, म्हणून एकाचा स्क्वेअर फुटाचा रेट स्वस्त दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, गेज आणि भोकाचं माप सारखं आहे का ते बघा. आपल्या कोल्हापुरात फाउंड्री नाहीतर मशीन शॉपमध्ये कामाला असलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो, त्याच्याकडनं एक दिवस व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) मागून आणा आणि रोल उतरताना चार-पाच ठिकाणी तार मोजा. हिरवी पीव्हीसी कोटेड जाळी असेल तर कोटिंग खरवडून आतली तार मोजायची, कारण वरनं 10 गेज दिसणारी तार आतनं 12 किंवा 14 निघते.

घराला 10 गेज, तीन इंची भोक, उंची पाच फूट, हे मला योग्य वाटतं. लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर दोन इंची घ्या. गॅल्वनाइजिंग चांगलं पाहिजे, गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा या पावसाच्या बाजूला तर याच्यात तडजोड नकोच. चेनलिंकला आयएस 2721 आणि काटेरी तारेला आयएस 278 असं मानक आहे, दुकानदाराला बिलावर ते लिहून द्यायला सांगा, जो लिहून देत नाही त्याचा माल घेऊ नका.

खांब दोन प्रकारचे, लोखंडी अँगल नाहीतर सिमेंटचे पोल. अँगलमध्ये 40 बाय 40 बाय 5 चा मीटरला 3 किलो भरतो आणि 50 बाय 50 बाय 6 चा साडेचार किलो, म्हणजे दीडपट. कोपऱ्याला, गेटजवळ आणि लाईन वळते तिथं जाड अँगल आणि त्याला दोन्ही बाजूनं तिरपा टेकू, मधले हलके चालतात. टेकू नसेल तर तार ताणली की कोपऱ्याचा खांब आत झुकतो, आणि तो झुकला की सगळी जाळी सैल. जमिनीलगतचा अर्धा फूट पहिल्यांदा गंजतो, तिथं काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर घेऊन त्याला उतार द्या म्हणजे पाणी खांबापाशी थांबत नाही. रेड ऑक्साइड मारून वर दोन हात ऑइल पेंट, आणि तो रंग खांब पुरायच्या आधी मारायचा. पुरल्यावर मारला तर मातीतला भाग तसाच कोरा राहतो. सिमेंटचे पोल गंजत नाहीत, पण आतली सळी कमी असेल तर गाडीवरनं उतरतानाच चिरतात, तडा गेलेला एक पण घेऊ नका.

प्रीकास्ट कंपाउंड, म्हणजे पोलच्या खाचेत सिमेंटच्या फळ्या बसवतात ते, लय पटकन होतं, मोकळ्या प्लॉटला ठीक आहे. पण फळी वरनं उचलून काढता येते आणि काळ्या जमिनीत पोल कलले की फळ्या सुटतात, त्यामुळं राहत्या घराला मी सुचवत नाही.

वीट किंवा ब्लॉकची भिंत करायची तर दर 8-10 फुटांवर पिलर, खाली बीम, डोक्यावर दोन्हीकडं उतार असलेलं कोपिंग, आणि निदान 7 दिवस, जमलं तर 10 दिवस, पाणी मारायचं. लांब भिंत असेल तर मध्ये जॉइंट सोडायला सांगा. जांभा मला स्वतःला फार आवडतो. खाणीतनं निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो, गिलाव्याची गरज नाही, दिसायला पण देखणा. फक्त तुमच्या साईटपर्यंत गाडीभाडं किती पडतंय ते बघा, आजरा-चंदगड बाजूला परवडेल तसं शहरात परवडेलच असं नाही.

जिवंत कुंपणाला लोक आता विचारत पण नाहीत याचं वाईट वाटतं. कडू मेंदी, घायपात, करवंद, सागरगोटा हे सगळं आपल्या हवेत विनासायास वाढतं. जाळीच्या आतनं कडू मेंदी लावली तर दोन-तीन वर्षांत रस्त्यावरनं घर दिसत नाही आणि धूळ पण अडते. शेर मात्र घराजवळ नको, त्याचा चीक डोळ्यात गेला तर लय वाईट इजा होते, मुलं खेळत असतात.

आणि डुकरासाठी तारेत घरातली लाईट सोडायचा उद्योग कुणी सुचवला तर तिथंच थांबवा. त्यानं माणूस मरतो, गुन्हा दाखल होतो. झटका मशीन, म्हणजे तारेला क्षणभराचा झटका देणारं यंत्र, वेगळं असतं, ते पण बोर्ड लावून, जाणकाराकडनंच.

माणूस कसा धरायचा

आधी स्वतःचा हिशोब काढा, मग माणसं बोलवा. समजा दोन गुंठ्याचा प्लॉट आहे, 33 बाय 66. परिघ 198 फूट, त्यातनं 12 फुटी गेट वजा, राहिले 186 रनिंग फूट. 8 फुटाला एक खांब धरला तर साधारण 25 खांब. एक बाय एक आणि दोन फूट खोल खड्डा म्हणजे 25 खड्ड्यांना 50 घनफूट काँक्रीट, आणि 1:2:4 च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला त्याला जवळजवळ 9 पोती सिमेंट लागतं. हा आकडा पाठ करून ठेवा. साईटवर चारच पोती उतरली आणि सगळे खड्डे भरून झाले, तर कुठं तरी पाणी मुरतंय.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागात जाळीवाले आणि फॅब्रिकेटर भरपूर आहेत, निदान तिघांना साईटवर बोलवा. फोनवर रेट देणाऱ्याचा रेट लिहून घ्या पण त्यावर निर्णय घेऊ नका, जमीन न बघता कोण काय सांगणार. जो माणूस आल्या आल्या माती हातात घेऊन बघतो, पाणी कुठनं येतं विचारतो, खालनं नळाची लाईन, ड्रेनेज किंवा महावितरणची केबल गेलीय का विचारतो, तो कामाचा आहे. त्याला म्हणा, तीन वर्षांपूर्वी केलेलं एक काम दाखवा, मागच्या महिन्यातलं नको. तिथं जाऊन कोपऱ्याचा खांब हलवून बघा, वरची तार हातानं दाबून बघा किती झोल आहे, आणि त्या घरमालकाशी दोन मिनिटं बोला, नंतर बोलवलं तर हा माणूस आला का एवढंच विचारा.

कोटेशनमध्ये "जाळी कंपाउंड पूर्ण, इतके रुपये फूट" एवढं एका ओळीत लिहिलेलं असेल तर परत पाठवा. गेज, भोक, उंची, अँगलचा साईज आणि एकूण लांबी, दोन खांबांतलं अंतर, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, काँक्रीटचं प्रमाण, आडव्या तारा किती (पाच फुटाला तीन तरी पाहिजेत), टेकू किती, रंग कुठला आणि किती हात, गेट वेगळं का त्यातच, वाहतूक, माती उचलणं, पाणी-लाईट कुणाची, जीएसटी धरून का सोडून, किती दिवसात. हे सगळं लिहून आलं की तीन कोटेशन शेजारी ठेवा, कुणी काय सोडलंय ते लगेच दिसतं. सगळ्यात कमी रेटवाला बहुतेक वेळा खांबातलं अंतर वाढवून 12 फूट करतो, नाहीतर खड्डा लहान करतो. त्याला सरळ विचारा, याच मापात करून दे, रेट किती होतोय बघू.

माल स्वतः आणून नुसती मजुरी देणं हा पण रस्ता आहे, वेळ असेल तर मला तोच बरा वाटतो, मालाचं बिल आपल्या नावावर राहतं. पण मग माल कमी पडला, उशिरा आला याची जबाबदारी पण आपली.

पैसे टप्प्यानं द्या. सुरवातीला 20-25 टक्के, माल साईटवर उतरला आणि आपण मोजला की पुढचा हप्ता, खांब उभे राहून काँक्रीट घट्ट झालं की त्याच्या पुढचा. शेवटचे 10 टक्के एक पावसाळा झाल्यावर, हे काम द्यायच्या आधीच बोलून लिहून घ्यायचं, नंतर सांगितलं तर भांडण होतं. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही, माझ्या दुसऱ्या वेळच्या मिस्त्रींनी तर हसून सही केली आणि म्हणाले, "काळजी करू नगासा, खांब हलला तर मीच येतो." मजूर दुसऱ्याच्या घरचे असतात, ब्रेकर आणि वेल्डिंगला हातमोजे, चष्मा आहे का ते बघा, दुपारी पाणी-चहा विचारा.

काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत काढा. मृगाच्या तोंडावर सगळ्यांनाच कंपाउंड आठवतं, मग माणसं मिळत नाहीत आणि ओल्या खड्ड्यात काँक्रीट पडतं.

खड्डे मारायच्या दिवशी मात्र रजा टाकाच. आदल्या दिवशी फक्की (पांढरी पूड) मारून, दोरी लावून लाईन क प्रतीप्रमाणे तपासा. ठरलेल्या खोलीला खूण केलेली एक काठी हातात ठेवा आणि प्रत्येक खड्ड्यात घालून बघा, मोबाईलवर काठीसकट फोटो काढा, सगळे खड्डे आपण बघितल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही असं सकाळीच मुकादमाला गोडीत सांगा. खांब उभा करताना ओळंबा दोन बाजूनं लावायला लावा. काँक्रीटवर 7 दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा आणि तेवढे दिवस जाळी ताणू देऊ नका. घाई करणारे दुसऱ्याच दिवशी ताणतात आणि ओला खांब तिथंच बारीक हलून सैल होतो, तो पुढं कधीच पक्का होत नाही.

जाळी लागल्यावर पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन एक चक्कर मारा. पाणी कुठं साठतंय, कुठल्या खांबाच्या बुडातली माती वाहून गेलीय, कुठं कड उघडी पडलीय, ते बघून तिथल्या तिथं मुरूम टाकून कुटा. गणपतीच्या आसपास मिस्त्रींना बोलवून आडव्या तारा एकदा ताणून घ्या, प्रत्येक खांब त्यांच्यासमोर हलवून बघा, आणि मग ते राहिलेले 10 टक्के द्या.